उसनी दिलेली जागा

बोरिवली पूर्वेला माझी स्वतःची वन रूम किचन जागा होती आणि एकतीस वर्षांचा होऊनही माझं लग्न झालेलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग पायांकडे, हा कुठे लंगडतो की काय म्हणून. कारण तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार, रंग हे सगळं मागाहून. पहिला प्रश्न एकच असायचा, "जागा आहे का?" माझे मित्र त्या एका प्रश्नावर धडाधड नापास होत. चांगली कमावती मुलं, पण दहा बाय बाराच्या खोलीत आई, वडील, भाऊ, वहिनी आणि पुतण्यांच्या रांगेत झोपणारी. माझ्याकडे जागा होती आणि तरी मी नापास होत होतो.

ती जागा माझ्या कर्तबगारीची नव्हे. तिकडे नुसती शेतं होती तेव्हा वडिलांनी बुक केलेली, आणि ताबा मिळायच्या आधीच ते गेले. आई मुलुंडला थोरल्या भावाकडेच राहिली, तिला तिचा शेजार सोडवेना. मी एकटा बोरिवलीला आलो, आणि हेच नडलं. मुलीकडचे म्हणत, "मुलगा एकटा राहतो? घरात बाईमाणूस नाही?" आणि पुढे पत्र यायचं नाही. अर्थात मीही काही कमी नव्हतो. मरोळच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होतो. दिवसभर मापाचं गेज लावून नग तपासायचे आणि जो बसणार नाही त्याला लाल ठिपका लावून बाजूला टाकायचा, हे माझं काम. मुलीही मी तशाच बघितल्या. एकीचा आवाज चिरका, एकीचे वडील फार बोलतात, एक माझ्याकडे बघायचं सोडून सारखी पंख्याकडे बघत होती. चारजणींना मी नाही म्हणालो, पाचजणी मला नाही म्हणाल्या. दात आहेत तर चणे नाहीत असं लोकांचं होतं. माझ्याकडे चणे होते आणि ते मी दुसऱ्यांना वाटत बसलो होतो.

वाटत होतो म्हणजे खरोखरच. मुलगी पसंत पडली की पुढच्या एखाद्या रविवारी मुलीकडची मंडळी 'घर बघायला' येत. आमच्या स्टोअर्समधला एकजण त्या टप्प्यावर अडला होता. त्यानं वधूवर सूचक मंडळात नाव नोंदवताना 'स्वतःची जागा, बोरिवली' असं ठोकून दिलं होतं. मला म्हणाला, "एक रविवार तुझी जागा दे ना यार. फक्त दोन तास." मी दिली. माझ्या नावाची पाटी काढून त्याच्या नावाचा पुठ्ठा लावला, आणि मी त्या दोन तासांसाठी त्याचा पेइंग गेस्ट झालो. मुलीच्या मामानं संडास-बाथरूम आत आहे हे डोळ्यांनी बघितलं आणि लग्न ठरलं. लग्नानंतर 'ऑफिस लांब पडतं' असं सांगून तो बायकोला घेऊन आपल्या जुन्या खोलीत गेला. त्याची बायको पुढे मला कुठे दिसली तर तोंड फिरवायची. तिचं बरोबरच होतं. पण ती माझ्याशी बोलत नव्हती आणि त्याला रोज डबा करून देत होती, हे मात्र मला आजही पटलेलं नाही.

सहा महिन्यांनी दुसरा आला. त्याचंही जमलं. माझ्या जागेचा पायगुण चांगला आहे अशी कारखान्यात बोलवा झाली. जागेचा पायगुण! जागा ज्याची त्याचा नव्हे.

तिसरा आला तो माझा खरा मित्र. टूलरूममध्ये होता, मूळचा मालवणकडचा, घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहायचा. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यापासून घरीच. एकाच खोलीत सातजण. दुपारी आम्ही एकाच बाकावर डबा खायचो आणि त्याच्या आईनं दिलेली सोलकढी अर्धी अर्धी प्यायचो. त्याला नाही म्हणायचं कारणच नव्हतं. त्याला विचारतानाच इतकं लाजल्यासारखं झालं होतं की मीच म्हटलं, "अरे दोघांना दिली, तुला नको होय?"

त्या रविवारी तो, त्याची आई आणि मोठा भाऊ दुपारीच येऊन बसले. आई पलंगाच्या कडेला टेकल्यासारखी बसली होती, चादर चुरगळेल म्हणून. पुठ्ठा लावताना मला म्हणाली, "खोटा बोलूचा लागता बाबा, काय करतलंव!" मी म्हटलं, "काकी, सगळेच बोलतात." चार वाजता मुलीकडची मंडळी आली. मुलीचे आई-वडील आणि मुलगी स्वतः. एरवी मुलगी अशी घर बघायला येत नसे. ही अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होती आणि तिनं घरी सांगितलं होतं म्हणे, राहायचं मला आहे तर बघणार मी. फिकट हिरवी साधी साडी, खांद्याला पर्स, मनगटावर घड्याळ. मी बघितलेल्या नऊजणींत अशी एकही नव्हती. असती तर मी तिच्यातही काहीतरी काढलं असतं म्हणा.

मुलीच्या वडिलांनी भिंतीवर बोटं वाजवून बघितली. "सोसायटी रजिस्टर झाली का?" त्यांनी मित्राला विचारलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. "होतेय," मी म्हटलं आणि पेइंग गेस्टला एवढं कसं ठाऊक म्हणून स्वतःचीच जीभ चावली. मुलगी स्वयंपाकघरात गेली होती. मित्र तिला पाणी द्यायला मागोमाग गेला. पेला कुठे असतो हे मी त्याला दोनदा सांगून ठेवलं होतं, तरी त्यानं इस्त्रीच्या कपड्यांचं कपाट उघडलं. मग पेला सापडला आणि त्यानं नळ सोडला.

त्या नळाचं एक होतं. त्याचे आटे झिजले होते. बंद करायचा तर मूठ खाली दाबून आधी जराशी उलटी फिरवायची आणि मग आवळायची. चार वर्षं मी प्लंबर बोलावणार होतो. मित्रानं नेहमीसारखा आवळला, पाणी ओट्यावरून उडून तिच्या साडीवर गेलं, तो "सॉरी, सॉरी" करत आणखीच उलटसुलट फिरवू लागला. मी बाहेरच्या खोलीत तिच्या वडिलांना पाण्याची वेळ सांगत होतो. बोलता बोलताच आत गेलो, त्यांच्याकडे मान वळवलेली ठेवूनच हात घातला आणि नळ बंद केला. मान फिरवली तेव्हा ती नळाकडे बघत होती. मग माझ्या हाताकडे. मग तिनं खिडकी उघडली, पदरानं साडी टिपली आणि कठड्यावर वीत ठेवून म्हणाली, "इथे एक कुंडी छान राहील."

चार वर्षांत माझ्या घरात काय कुठे राहील हे कुणी म्हटलं नव्हतं. वहिनी आल्या की कुठे धूळ आहे ते सांगत. ही माझ्या खिडकीची रुंदी मोजत होती, आणि मोजत होती ती त्याच्या संसारासाठी. माझ्या पोटात तिथेच दुखायला लागलं. निघताना तिनं सगळ्यांना नमस्कार केला, आणि मला म्हणाली, "तुमचा रविवार गेला आमच्यामुळे." हे तिनं मला का म्हणावं, यावर मी आठवडाभर विचार करत होतो. माझ्या सोयीचं जे उत्तर होतं तेच मी काढलं.

होकार आला. मग ती दोघं भेटू लागली. तिला गाठायला मित्र आता रोज सकाळी अंधेरीवरून यायचा. तिथून मरोळला जाणाऱ्या बसमध्ये तो मला सगळं सांगायचा, आणि मी ऐकायचो. पवईच्या तळ्याकाठी बसलो. तिला चहात साखर लागत नाही. ती चालताना माझ्या पुढेच असते रे, मला धावावं लागतं. माझी कॉलर तिनं सरळ केली, भर रस्त्यात! त्याच्या कॉलरी जन्मापासून वाकड्या होत्या, मी सहा वर्षं बघत होतो, मला कधी वाटलं नाही त्या सरळ कराव्यात. तो बोलायचा आणि मी खिडकीबाहेर बघून "झकास, झकास" म्हणायचो. त्या आठवड्यात मी इतके नग बाद केले की सुपरवायझर येऊन माझंच गेज तपासून गेला.

मला हेवा कसला वाटत होता हे मी स्वतःला नीट सांगत नव्हतो. म्हणायचो, आयत्या बिळावर नागोबा आहे हा. घर माझं, नळ माझा, खिडकी माझी. तिनं पसंत केलं ते माझं घर. मग हा मध्ये कोण? एकदा हा हिशेब मनात बसला की मग तो सगळीकडे बसू लागला. त्याच्या दातांतली फट मला दिसू लागली. त्याचा डबा खाताना येणारा आवाज ऐकू येऊ लागला. काकींनी पाठवलेली सोलकढी मी 'घसा धरतो' म्हणून नको म्हणू लागलो.

मग एके दिवशी त्यानं बसमध्ये माझ्या मांडीवर एक बाटली ठेवली. काचेची, आत पाणी आणि मनीप्लांटची एक फांदी. "तिनं दिलंय. खिडकीत ठेवायला." मी ती बाटली दिवसभर कारखान्यात सांभाळली आणि घरी नेऊन तिनं वीत ठेवली होती बरोबर तिथे ठेवली. चार दिवस तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मनात म्हटलं, मरू दे, यांच्या संसाराचं रोप मी का जगवू? पाचव्या दिवशी पाणी हिरवं झालेलं दिसलं तेव्हा घाईघाईनं बदललं. नंतर रोज बदलू लागलो.

साखरपुड्याची तारीख ठरली तेव्हा मला खऱ्याची फार आठवण येऊ लागली. मुलीची फसवणूक होतेय. तिला बोरिवली दाखवून घाटकोपरच्या डोंगरावर नेणार. कुणीतरी सांगायला नको? आधीच्या दोघींच्या वेळी मी हे खरं कुठे ठेवलं होतं, हे मी स्वतःला विचारलं नाही. मला एवढंच दिसत होतं की तिला कळलं, तर ती नाही म्हणेल. आणि नाही म्हटल्यावर तिला जे घर आवडलं ते कुणाचं, हे तिला ठाऊक असेल. पुढचं मी ठरवलेलं नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी अंधेरीला तिच्या ऑफिसखाली उभा राहिलो. मला बघून ती दचकली. "ते बरे आहेत ना?" पहिला प्रश्न त्याच्याबद्दल. "तो बरा आहे. तुमच्याशी बोलायचं होतं." समोरच्या उडप्याच्या हॉटेलात बसलो. मी दोन कॉफी मागवल्या. ती म्हणाली, "मला घरी उशीर होईल, पटकन बोला."

मी पटकनच बोललो. "ती बोरिवलीची जागा त्याची नाही. माझी आहे."

"माहितीय."

मी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. "कसं?"

"त्या दिवशी त्यांना नळ बंद करता आला नाही. तुम्ही न बघता केलात. स्वतःच्या घरातला माणूसच तसा करतो." तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की त्यात टोमणा शोधायला गेलो तरी सापडेना. "मला खरं तर तिथूनच घरी निघून जावंसं वाटलं होतं. पण म्हटलं, बघू या, हे स्वतः सांगतात का. तिसऱ्या भेटीत सांगितलं त्यांनी. पवईला. कान लाल झाले होते नुसते. म्हणाले, घाटकोपरला खोली आहे, सातजण आहेत, पडदा लावावा लागेल. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, पण मला आता झोप लागत नाही."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मी विचारलं, पडदा कुठल्या रंगाचा."

 मला राग आला होता, आणि तो तिचा नव्हता, त्याचाही नव्हता. सहा आठवडे मी जो हिशेब मांडला होता, त्यात घर सोडून दुसरी वस्तूच नव्हती. तिनं जे पसंत केलं ते माझ्या चार भिंतींत त्या दुपारी दोन तास येऊन गेलं होतं, आणि ते माझं नव्हतंच कधी.

"बाबांना मी सांगतेय हळूहळू," ती म्हणाली. "ते कबूल होईपर्यंत कुणाला बोलू नका असं मीच त्यांना सांगितलंय. म्हणून तुम्हालाही बोलले नसतील." मग कॉफी संपवून तिनं पेला खाली ठेवला. "एक विचारू? तुम्ही आज हे कशाला सांगायला आलात?"

"तुमची फसवणूक होऊ नये म्हणून."

"मग त्याच दिवशी सांगितलं असतंत."

ती उठली. पर्स खांद्याला लावली. मी बिल द्यायला उठलो तर म्हणाली, "मनीप्लांट लागला का? तुमच्यासाठी पाठवला होता. तुमची खिडकी फार ओकीबोकी वाटली."

तिचे बाबा कबूल झाले, साखरपुडा झाला. लग्न झालं. मी मुलाकडून होतो, अक्षता वाटल्या, पंक्तीत वाढलं. हॉटेलातल्या भेटीच्या दुसऱ्या दिवसापासूनही मित्र माझ्याशी होता तसाच होता, त्यावरून मी समजलो की तिनं त्याला आमच्या त्या भेटीचं सांगितलेलं नाही. आणि त्या एका गोष्टीवर मी पुढची दोन वर्षं काढली. वाचणाऱ्याला हसू येईल, येऊ दे. तो तिचा नवरा होता, तिच्या हातचा डबा माझ्यासमोर उघडून खात होता, तिनं सरळ केलेल्या कॉलरी घालून येत होता. पण त्या उडप्याच्या हॉटेलातली पंधरा मिनिटं त्याच्याकडे नव्हती. तिच्या आयुष्यातलं तेवढं माझ्याकडे होतं. तिनं ते माझी लाज राखायला झाकून ठेवलं असेल, तरी झाकलं होतं ना? बसमध्ये तो तिच्याबद्दल काही सांगू लागला की मी मनात म्हणायचो, तुला सगळं ठाऊक नाही रे.

दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. बारशाला मी घाटकोपरला गेलो. डोंगराच्या पायऱ्या चढून वर पोचेपर्यंत दम लागला. खोलीत बायकांची गर्दी, पाळण्याला फुलांच्या माळा, आणि मधोमध तारेवर सारून ठेवलेला पडदा. फिकट हिरवा होता. काकींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ती पाळण्यापाशी होती, मला बघून हसली, मोकळं हसली. आम्ही पुरुष बाहेर गॅलरीत उभे राहिलो. मित्रानं माझ्या हातात घुगऱ्यांची पुडी दिली.

"तुझं काही जमतंय की नाही?" त्यानं विचारलं.

"बघतोय."

"बघ रे. ती सारखी विचारते. परवाच म्हणाली, तेव्हा हॉटेलात आले होते ते, किती इस्त्री करून आले होते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठल्या हॉटेलात?"

"अरे अंधेरीला. ती जागा तुझी आहे ते सांगायला गेला नव्हतास का?" तो घुगऱ्या चघळत खालच्या चाळीकडे बघत होता. "त्याच संध्याकाळी सांगितलं तिनं मला. म्हणाली, त्यांना काही बोलू नका हां, एकटे असतात, माणूस कावतो."

"आणि तू काहीच बोलला नाहीस?"

"काय बोलायचं?" त्याला खरोखरच कळलं नाही मी काय विचारतोय ते. "तू वाईट थोडाच आहेस, यार. ये ना रविवारी जेवायला. मासे आणतो."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. कुठेतरी राग असेल, गिळलेला असेल, दोन वर्षं साचून आंबलेला असेल. मी नग तपासावा तसा बघितला. काही नव्हतं. त्याची बायको त्याच्यापासून तोडायला इस्त्रीचा शर्ट घालून गेलेला मित्र त्याच्यासमोर उभा होता, स्वतःच्या जागेचा मालक, आणि त्या माणसाला माझा एक दिवससुद्धा हेवा वाटला नव्हता.

"बोरिवली लांब आहे," मी म्हटलं, आणि पुडी खिशात घालून पायऱ्या उतरू लागलो.